एक जूनवाले

पेपरात रोज एक चौकट येते. आजच्या तारखेला जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. कुठे लढाई जुंपली, कुठे राजाने मान टाकली, कुठे एखाद्या शास्त्रज्ञाच्या आईला कळा सुटल्या. सगळं बोटभर जागेत. घटना वर, जन्म मध्ये, मृत्यू खाली. आमच्या गावात ती चौकट वर्षातून एकाच दिवशी वाचली जाते. एक जूनला. कारण आमचं अख्खं गाव एक जूनला जन्मलेलं आहे.

हसू नका. मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, हे मला ठाऊक आहे. अमडापूरच्या बाजारात मी नुसता सोयाबीनचा भाव सांगितला तरी लोक त्यातून निम्मा वजा करतात. पण यातून काही वजा करू नका. माझ्या वयाचा आमच्या गावातला कोणताही माणूस धरा, त्याचं आधार कार्ड बघा. एक जून. त्याच्या बायकोचं बघा. एक जून. म्हशींना आधार मिळालं असतं तर त्याही एक जूनच्याच निघाल्या असत्या.

ही करणी आमच्या गुरुजींची. पोरगं शाळेत घालायला बाप आला की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग विचारायचे, जन्मतारीख? बाप डोकं खाजवायचा. "तूर सोंगून राह्यलो होतो तवा झाला." "मोठा बैल मेला, त्याच्या मागच्या बाजारी." गुरुजी शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे आणि लिहायचे, एक जून. लोक म्हणतात, साऱ्या महाराष्ट्रातले गुरुजी हेच करत होते. करत असतील. पण सुरुवात आमच्या गावातून झाली. कशी झाली ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

शाळेत बसायला टाटपट्टी होती. आमच्या पट्टीवर आम्ही पाच जण, आणि जागा ठरलेल्या. भिंतीकडून पहिला, जो पुढे लाल गाडीवर कंडक्टर झाला. त्याच्या शेजारी पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, जो पुढे गिरणीवालाच झाला. मग एक मोठ्या शेतीवाल्याचा, पट्टीवर बसण्याआधी ती झटकून घेणारा. चौथा माझा चुलतभाऊ. आणि पाचवा, दाराकडून, मी. गुरुजी वर्गात आले की सगळ्यात आधी पळायला सोपं जावं म्हणून ती जागा मी भांडून घेतली होती.

चुलतभावाचं आणि माझं दुसरंही एक भांडण होतं. कागदावर दोघंही एकाच दिवसाचे, त्यामुळे मोठा कोण हे कधी ठरलंच नाही. दर दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही समोरासमोर उभे राहायचो.

"वाक बे, मी मोठा."

"तू काऊन मोठा? तूच वाक."

शेवटी दोघंही विजेच्या खांबासारखे ताठ उभे राहून आपट्याची पानं बदलायचो, आणि आमच्या बायका आतून हाका मारून थकायच्या.

मोबाइल आले तेव्हा या तारखेला आवाज फुटला. एक जूनच्या सकाळी बँका, विमावाले, सिमकार्डवाले, सगळ्यांच्या शुभेच्छा एकदम सुटतात. चौकात निंबाखाली माणसं बसलेली असतात आणि अचानक सगळ्यांचे खिसे एका दमात टुणटुणतात. पहिल्या वर्षी निंबावरचे बगळे असे उडाले की थेट जळगाव जामोदला सातपुड्याच्या पायथ्याशी उतरले. तेव्हा कंडक्टर म्हणाला, "सरकार, बँक, सगळेच आपला वाढदिवस करून राह्यले. आपणच काऊन नाही करत?" झालं. चिखलीहून केक आला. इतकी नावं केकवर मावेनात, म्हणून बेकरीवाल्याने गुलाबी अक्षरांत लिहिलं, 'एक जूनवाले'.

काही वर्षं मजेत गेली. मग कंडक्टर रिटायर झाला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो असा सरकारचा नियम आहे, म्हणजे एकतीस मेला त्याची शिट्टी थांबली. दुसऱ्या दिवशी तो सकाळी मुद्दाम डेपोत गेला. पहिली एसटी रस्त्यावर आली तीही याच तारखेला, म्हणून डेपोत गाड्यांना झेंडूचे हार घालतात. एका गाडीचा हार त्याने काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि तसाच निंबाखाली आला.

"गाडीची अन् माही जयंती एकच," तो म्हणाला. "दोघंही खिळखिळे."

केक कापला. पहिला घास त्याने घेतला, निंबाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि हसू लागला. आम्हीही हसलो. तो बराच वेळ हसत राहिला. मग माझ्या ध्यानात आलं की त्याच्या हसण्याला आवाज नाही.

त्याला दुसरा हार घालावा लागला नाही.

पुढच्या एक जूनला गिरणीवाला. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी सावलीसुद्धा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसते, बाहेर पडत नाही. हातपंपातून चहा येतो, फक्त साखर घालायची. अशा दुपारी गाव निजलेलं असताना गिरणीचा आवाज बदलला. दाणा नसताना दगडावर दगड घासतो तसा. कितीतरी वेळ तो घरघरत राहिला आणि कोणी बंद करेना. आम्ही गेलो. पट्टा फिरत होता. तो पोत्यावर बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, पापण्यासुद्धा पांढऱ्या. पीठ त्याच्या अंगावर नेहमीच असायचं. पण एरवी त्या पिठावरून घामाच्या रेघा ओघळलेल्या असायच्या. त्या दुपारी एकही रेघ नव्हती. सगळा कसा कोरा, गुळगुळीत.

शेतीवाला सावध माणूस. त्याच्या पुढच्या वर्षी तो निंबाखाली आलाच नाही. केकला शिवणार नाही म्हणाला. घराचं दार लावलं, कूलर लावला, आमरस खाऊन पडला. बायकोला सांगितलं, आज मला कोणाचीही हाक आली तरी उठवू नको. तिने कोणालाही आत येऊ दिलं नाही. संध्याकाळी चहासाठी उठवायला गेली तर तो कुशीवर, हात पुढे केलेला, आणि हातात मोबाइल. पडद्यावर विमावाल्याचा संदेश होता. 'आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपल्याला दीर्घायुष्य लाभो.'

म्हणजे हाक आली होती. फक्त दारातून आली नव्हती.

स्मशानातून परतताना चुलतभाऊ माझ्या शेजारून चालत होता. रस्त्यावर फुफाटा, पायाखाली भाजणारा. तो एकदम थांबला.

"भितीकडून मोज बे."

"काय मोजू?"

"पट्टी. भितीकडून मोज."

मी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. कंडक्टर, गिरणीवाला, शेतीवाला. आणि त्यांच्या शेजारी हा.

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "अबे, ती गुरुजींनी दिलेली तारीख. खोटी. खोट्या तारखेले यम येतो काय?"

"यमाले काय माहीत खोटी हाय म्हणून? त्याचं ऑफिसही आता ऑनलाइन झालं असंल. आधार लावलं की एक जून निघते. तो बिचारा आपलं काम करून राह्यला."

बोलायला तो माझ्याच घराण्यातला. पण त्याचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं. बुलढाण्याला दाखवलं. पित्ताच्या पिशवीत खडे, आणि पिशवी सडायला लागलेली. ऑपरेशन करणारा डॉक्टर बाहेरगावचा, ठरलेल्या दिवशीच येणारा. त्याने तारीख दिली. कोणती, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यानंतर डॉक्टर महिनाभर येणार नव्हता, आणि पिशवी महिनाभर थांबणार नव्हती.

चुलतभाऊ घरी आला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला.

वहिनी माझ्याकडे आली. पदराने तोंड दाबून म्हणाली, "भावजी, त्यांले समजावा. ऑपरेशन नाही केलं तर जातीन, असं डॉक्टर म्हणते. केलं तर जाईन, असं हे म्हणते. मी कोणाचं ऐकू?"

मी गेलो. म्हटलं, "दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. अकोल्याले जाऊ."

"कुठीही ने. तारीख तेच लोक देणार. मले आता दुसरी तारीख लागतच नाही."

"मंग काय करू म्हणतं?"

तो भिंतीकडेच बघत होता. "मी एक जूनचा नाही असं कोणी सांगितलं, तर जातो. कोणी जाणत्यानं. तुह्या गप्पा नको."

ते बरोबर होतं. माझ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तो त्याने आयुष्यभर अनुभव घेऊन गमावलेला होता. जाणतं म्हणाल तर आमच्या घराण्यात एकच माणूस उरलं होतं. धामणगाव बढ्याला दिलेली आमची आत्या. तिचं वय कोणालाच माहीत नाही. मी सांगतो तेव्हा ती दर वर्षी पाच वर्षांनी वाढते.

मी आधी तिला फोन केला. एकट्याने, गोठ्यात जाऊन.

"आत्या, त्याले घेऊन येतो. तो विचारीन, मी कधी झालो. तू काहीही सांग. पोळा सांग, संक्रांत सांग. एक जून सोडून काहीही."

"म्हंजे लबाड बोलू?"

"त्याच्या जिवासाठी."

फोनवर तिने कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "या."

राजूरचा घाट उतरलं की उन्हाची जातच बदलते. वर बुलढाण्यात ते अंगावर पडतं, खाली मोताळ्याकडे ते अंगात शिरतं. बसच्या खिडकीच्या लोखंडावर मी भाकरी शेकून दाखवली असती. चुलतभाऊ पोट धरून बसला होता. आत्याच्या घरी पोचलो तेव्हा भर दुपार. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही. कुठेतरी एकच आवाज, टुक, टुक, टुक. आत्या ओसरीवर बसून चिंच फोडत होती.

तिने आम्हाला पाणी दिलं, पुन्हा चिंच फोडायला बसली. चुलतभावाने तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "तू दिवाळीतला. गायगोधनाच्या दिवशी झाला. अंगणात गाई ओवाळून राह्यलो होतो अन् तुही माय कळवळली. ओवाळायचं ताट माह्या हातून पडलं."

असं सांगितलं की मलाही खरं वाटलं. ताट पडल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला. मनात म्हटलं, वा, हे घराणंच थोर आहे.

चुलतभाऊ तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू खाली उतरलं. मग कित्येक महिन्यांनी त्याच्या डोळ्यात जुना खट्याळपणा आला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

"अन् हा? हा कधीचा?"

टुक, टुक थांबली.

आत्याने हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या कशाकडे तरी पाहावं तसं.

"हा त्याच दिवसाचा," ती म्हणाली. "एकटा हाच."

चुलतभाऊ म्हणाला, "कोणत्या?"

"जो गुरुजीनं लिहिला. माहा बाप ओसरीत पडला होता. घरघर लागली होती. आत याची माय अडली होती. दुपार झाली तरी तो जाईना अन् हा येईना. सुईण बाहेर येऊन म्हणाली, काय करू, पोर दारात येऊन मागं जाते. तवा बाबानं डोळे उघडले. म्हणाला, जागा द्या रे त्याले, मी बसलो हाओ म्हणून तो अडला. मले उठवा. आम्ही त्याले धरून उठवलं. उठला, अन् गेला. अन् आतून रडण्याचा आवाज आला."

तिने चिंचेचं एक बोटूक उचललं, पुन्हा ठेवलं.

"जन्म सांगाले कोणी कोतवालाकडं गेलं नाही. मरण सांगाले जावंच लागते. म्हणून ती इंग्रजी तारीख घरात राह्यली. याले शाळेत घातला तवा याच्या बापानं सांगितलं, माहा बाप गेला तीच तारीख लिहा. गुरुजी खूश झाले. साऱ्या गावात पक्की तारीख सांगणारा पहिलाच माणूस. मंग त्याईनं तीच साऱ्याले देऊन टाकली."

गल्लीतून वाऱ्याची एक गरम वावटळ आली, ओसरीवरच्या चिंचोक्यांना हलवून गेली. मी हसलो. मीच एकटा हसलो.

बसमध्ये चुलतभावाने अर्धा घाट चढेपर्यंत विचार केला. मग म्हणाला, "म्हंजे लेका, पट्टी भितीकडून नव्हतीच. तुह्यापासून होती. आम्ही सारे तुह्याच तारखेत घुसलो होतो."

"आत्या म्हातारी झाली बे. काहीही बोलते."

"माह्याबद्दल खरं बोलली अन् तुह्याबद्दल काहीही?"

काय सांगणार? तुझ्याबद्दलचंच मी पढवलं होतं म्हणून? तो मेला असता.

घरी आल्यावर मी गोठ्यात गेलो आणि आत्याला पुन्हा फोन लावला. म्हटलं, त्याची दिवाळी झकास जमली, पण माझं ते काय काढलंस?

"त्याचं मले कुठी आठवते, बाप्पा," ती म्हणाली. "तू सांगितलं म्हणून दिवाळी सांगितली. तुह्याबद्दल तर तू काही सांगितलंच नव्हतं."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. बैल माझ्याकडे बघत होता. मी त्याला दोन वेळा पाणी पाजलं, त्याला तहान नसताना.

एक जूनच्या सकाळी आम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात होतो. नर्सने कागद पुढे ओढला.

"काका, जन्मतारीख?"

"दिवाळी लिहा, बाई."

"आधारवर एक जून आहे. अरे वा, आजच! हॅपी बर्थडे काका."

"मले नका म्हणू," चुलतभावाने अंगठा माझ्याकडे केला. "त्याले म्हणा. खरा माल तो हाय."

वहिनी हसली आणि त्याच हसण्यात रडली. त्याला हिरवा झगा घातला. ढकलगाडी आली. तो तिच्यावर बसला, आणि पुन्हा उतरला.

"थांबा वं बाई," तो नर्सला म्हणाला. मग माझ्यासमोर आला. "जेठात झाला म्हंजे दिवाळीच्या आधीचा. मोठा निघाला तू. जिंकला, लेका."

आणि तो वाकला.

या एका वाकण्यासाठी मी किती दसरे ताठ उभा होतो. हा क्षण आला तर गावातून वाजंत्री नेईन, चिखलीपर्यंत पेढे वाटेन, असं ठरवलेलं होतं. त्याच्या बोटांचा स्पर्श माझ्या पायांना झाला आणि माझे पाय गार पडले. एक जूनला, बुलढाण्यात, गार. आमच्याकडे धाकटा मोठ्याच्या पाया पडतो तो सणाला. आणि एकदा पडतो तो मोठ्याला उचलायच्या आधी, शेवटचा. माझ्या पायांना त्यातला कोणता, ते कळेना.

आशीर्वाद द्यायचा होता. मी आजवर ज्याला त्याला दीडशे वर्षांचा आशीर्वाद देत आलो. त्या वेळी तोंडातून एवढंच निघालं, "जा. ये परत."

दार बंद झालं. बाकड्यावर मी, वहिनी, आणि भिंतीला लागून रुग्णांचे नातेवाईक. सगळे झोपाळलेले. मग ते सुटलं. पहिला माझा खिसा टुणटुणला. मग समोरच्या म्हाताऱ्याचा. मग कोपऱ्यातल्या बाईच्या पिशवीतून, मग जिन्यात उभ्या असलेल्याचा, मग वरच्या मजल्यावरून कुठून तरी. साऱ्या दवाखान्यात एक जूनवाले बसले होते आणि कोणीतरी हजेरी घेत होतं.

माझ्या मांडीवर चुलतभावाचे कपडे होते. शेवटी त्याच्या शर्टाच्या खिशात तो आवाज झाला.

मी शर्टावर हात दाबला. लहान पोराच्या तोंडावर दाबतात तसा. मोबाइल दुसऱ्यांदा थरथरला, तिसऱ्यांदा. मी तो काढला, न वाचता बंद केला आणि माझ्या अंगाखाली ठेवून बसलो. वहिनी म्हणाली, "काऊन हो भावजी?" मी म्हटलं, चार्जिंग वाचवतो.

तो बाहेर आला तेव्हा माझ्या शर्टाला पिळलं असतं तर बादली भरली असती. डॉक्टर म्हणाला, पिशवी अजून थोडी थांबली असती तर फुटली असती. खडे एका डबीत घालून दिले. पुढे मी गावात सांगितलं की त्यातला एक दगड मी बांधावर कुंपणाला लावला, पण ते सोडा.

गुंगी उतरताना त्याने मला जवळ बोलावलं. ओठ सुकलेले.

"तिघं निंबाखाली बसले होते बे."

"कोण?"

"कोण म्हंजे? आपलेच. पट्टी टाकून. कंडक्टर म्हणाला, तू काऊन आला? तुही तारीख दुसरी. चाल, उतर खाली. घंटी वाजवली अन् उतरवलं मले."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, झोप.

"गिरणीवाला विचारून राह्यला होता," तो डोळे मिटत म्हणाला, "ज्याची तारीख हाय, तो कुठी हाय?"

हे त्याने खरं पाहिलं की दसऱ्याचा बदला घेतला, ते मला आजही सांगता येणार नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घराण्यात कोणी कोणाला असं विचारत नाही.

मागच्या एक जूनला त्याने केक आणला. चांगला टुणटुणीत झाला आहे आता, पुन्हा तर्री खातो. म्हणाला, आता भ्यायचं काय, ही तारीख माझी थोडीच आहे. केकवर 'एक जूनवाले' नव्हतं. माझं एकट्याचं नाव होतं. निंबाखाली माणसं जमली, पण जरा लांब, उन्हात उभी राहिली. सावली असताना.

त्याने गेलेल्या तिघांसाठी पळसाची तीन पानं मांडली आणि प्रत्येकावर केकचा तुकडा ठेवला. कंडक्टरचा मुलगा म्हणाला, "काका, आमच्या घरी कावळा मानत नाही. बाबांनी कधी मानला नाही. तुम्हाले माहीत हाय."

"कावळ्यासाठी नाही ठेवला," चुलतभाऊ म्हणाला. "केकसाठी ठेवला. केक तो मानत होता." मुलगा हसला आणि राहू दिला.

माझा तुकडा वेगळ्या, चौथ्या पानावर, माझ्यासमोर होता. निंबावर कावळे होते. एरवी शेवेच्या एका काडीसाठी भांडणारे. त्या दिवशी एकही खाली येईना. फांदीवर बसून माना वाकड्या करून बघत होते. दुपार चढली. केकवरची मलई वितळून पानावर पसरली. आमच्यात पान शिवलं नाही की गेलेल्याला कसली तरी इच्छा उरली असं धरतात आणि शब्द देतात. लोक शब्द द्यायला लागले. गिरणीवाल्याला कोणी म्हणालं, तुझी गिरणी बंद पडू देणार नाही. शेतीवाल्याला म्हणाले, तुझ्या लेकीचं लगीन आम्ही लावू. कंडक्टरला कोणी काही म्हणालं नाही, तो चिडला असता. कावळे हलले नाहीत.

चुलतभाऊ माझ्या कानाशी वाकला. त्याचा आवाज तोच होता, स्मशानाच्या रस्त्यावरचा.

"तू बोल बे. तुहीच वाट पाहून राह्यले."

मी उभा राहिलो. मला गप्पा मारायला सांगा, मी दुपारची रात्र करतो. त्या वेळी एवढंच सुचलं. वर बघून मी म्हटलं, "येतो रे. जागा धरून ठेवा. दाराकडची. पण आत्या हाय तोवर नाही. ती माह्या तारखेची साक्षीदार हाय."

एक कावळा उतरला. उडी मारत पहिल्या पानापाशी आला, थांबला, पुढे गेला. दुसरं पान, तिसरं पान. एकालाही शिवला नाही. माझ्या पानापाशी आला, माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि माझ्या तुकड्यात चोच घातली.

सगळ्यांचे खिसे तेव्हाच टुणटुणले.

या वर्षीचा एक जून जवळ आला आहे. आत्या ठणठणीत आहे. मी रोज सकाळी तिला फोन करतो, ती शिव्या घालते आणि मला बरं वाटतं. तुम्ही म्हणाल, हेही वाढवून सांगितलं. म्हणा. पण एवढं ध्यानात घ्या की मी कावळा एकच सांगितला. एरवी मी शंभर सांगितले असते.